बैलाच्या फोटोला हार

नवं घर बांधून झालं, रंग वाळला, आणि आमच्या ह्यांनी फर्मान काढलं: भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही.

"एवढा गिलावा गुळगुळीत करून घेतलाय. कुणी हातोडी उचलली तर याद राखा, मी कुणाचं ऐकणार नाही," असं म्हणत हे हॉलभर भिंतींवरून तळहात फिरवत हिंडत होते. रंग फिकट पिस्ता. तेव्हा गावात ज्याचं त्याचं घर एक तर पिस्ता नाहीतर गुलाबी. मला हसावं की रडावं कळेना. अहो, कोऱ्या भिंतीकडे बघत बसायला आम्ही काय दवाखान्यात भरती झालो होतो?

राजुरीतलं आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं. तिथे खुंटी ठोकायला कुणाची परवानगी लागत नसे. मनाला येईल तिथे ठोकायची, नको झाली की उपटायची, भोकात शेणामातीचा बोळा दाबायचा आणि वरून हात फिरवायचा. एका खुंटीला मामंजींचा सदरा, दुसरीला कंदील, तिसरीला खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणि मध्येच कुठेतरी खंडोबा. मामंजी म्हणजे माझे सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. चुलीच्या धुरानं त्या घरातले देव आणि माणसं एकाच रंगाची झाली होती, पण कधी उघडंबोडकं वाटलं नाही. मग नव्वदीच्या त्या वर्षांत कांद्यानं आणि टोमॅटोनं हात दिला, चार घरांनी स्लॅब टाकला तसा आम्हीही टाकला. घर झालं झकास, पण हॉलमध्ये बोललं की आवाज घुमायचा. आत्याबाई पहिले काही दिवस हॉलमध्ये हळूच बोलायच्या.

मी मात्र हट्टाला पेटले. त्याला कारण होतं. माझं माहेर महाळुंगे पडवळ. लग्न ठरल्यावर मी रुखवतासाठी मॅटीच्या कापडावर लोकरीचा मोर भरला होता. रुखवतात मुलीच्या हातचं काहीतरी मांडावंच लागतं, नाहीतर वरमाया नाकं मुरडतात. मोराचा पिसारा भरता भरता माझ्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि आई शेजारी बसून, "इथे निळी घे गं, इथे चुकलीस" म्हणून पुन्हा उसवायला लावायची. मंचरहून त्याला काच बसवून आणली. लग्नात सगळ्यांनी बघितला, वाखाणला, आणि सासरी आल्यावर तो मोर धुरानं खराब होईल म्हणून धान्याच्या कणगीमागे जाऊन पडला. वर्षानुवर्षं पडला. आता घर नवं, भिंती नव्या, चूल जाऊन गॅस आला, आणि हे म्हणतात खिळा नको!

मी ह्यांच्याशी बोलणं मोजकं केलं. चहा पुढ्यात आपटायचा, जेवायला वाढलंय एवढं सांगायचं. बाईमाणसाला एवढं पुरतं. शेवटी एका रविवारी हे स्वतःच हातोडी घेऊन स्टुलावर चढले. पहिला खिळा वाकला. दुसरा उडून माझ्या पायाशी आला. तिसऱ्याला टवका उडाला, चांगला बशीएवढा.

"तुम्ही कुणाचं ऐकणार नव्हता ना? आता स्वतःचं तरी ऐका आणि वायरमनला बोलवा," मी म्हटलं.

मामंजी दारात बसून तंबाखू मळत होते. ते तोंड फिरवून हसले.

वायरमन ड्रिल मशीन घेऊन आला, आणि काय कुठे लावायचं यावरून घरात जो धुरळा उडाला तो भिंतीच्या धुरळ्यापेक्षा जास्त. देव पूर्वेला, यात वाद नव्हता. दक्षिणेची भिंत गेलेल्या माणसांची, यातही नव्हता. मामंजींच्या आईवडिलांचे दोन फोटो तिथे लागले, खालची कड खिळ्यांवर टेकवलेली आणि वरची कड दोरीनं पुढे झुकवलेली. तशी जुनी पद्धतच होती. खाली बसलेल्याकडे म्हातारा-म्हातारी वाकून बघतायत असं वाटायचं. दोघांच्या फोटोंना चंदनाच्या सालींचे हार होते. आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं: फोटोला हार म्हणजे माणूस गेलं. जित्या माणसाच्या फोटोला फार तर धूळ.

उरल्या भिंतींसाठी मी नारायणगावच्या बाजारातून पोस्टरं आणली. तेव्हा बाजारात जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून पोस्टरवाले बसायचे. बर्फाचे डोंगर आणि पुढे लाल छपराचं घर, तोंडावर बोट ठेवलेलं गुबगुबीत बाळ, उधळलेले घोडे, द्राक्षं ठेवलेली परडी. आमच्या रानात मोप द्राक्षं असताना द्राक्षांचं चित्र घेणाऱ्या बायका मी बघितल्यात. मी समुद्राचं घेतलं, त्यात नारिंगी सूर्य आणि नाव. घरी येऊन उलगडलं तर आत्याबाईंचा चेहराच उतरला.

"अगं, बुडता सूर्य घरात लावतीस व्हय?"

"उगवता आहे आत्याबाई."

"तुला काय म्हाईत? उगवताना असा दमल्यावानी दिसतोय का त्यो?"

आता समुद्रावरचा सूर्य आमच्यापैकी कुणी बघितला होता? वाद मामंजींकडे गेला. त्यांनी चित्र उजेडात धरलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि निकाल दिला, "पाखरं घराकडं निघाल्यात. मावळतीच हाय." पाखरं घराकडे निघाल्यात की कामाला, हे त्यांना कसं कळलं देव जाणे. पण त्या पोस्टरची गुंडाळी झाली ती झालीच. घोडे चालले, कारण ते धावत होते. बाळ चाललं. माझा मोर समोरच्या भिंतीवर मध्यभागी लागला, आणि त्या दिवशी मी मनातून इतकी खूश झाले की ह्यांना दोनदा चहा दिला.

सगळं लावून झाल्यावर मामंजी वायरमनला म्हणाले, "राव, मला बी एक खिळा दे. एकच."

त्यांनी पेटीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढला. त्यात ते आणि त्यांचा बैल. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतीचं वेड किती, हे मी सांगायला नको. यात्रा म्हटली की शर्यत, आणि शर्यतीचा बैल म्हणजे घरचा थोरला मुलगा. आमचा बैल खिलार, पांढराशुभ्र, घरात त्याला पांढराच म्हणत. हॉलमधला पंखा त्याच्या बक्षिसाचा, भिंतीवरची दोन्ही घड्याळं त्याचीच. तिसरं घड्याळ आत्याबाईंनी त्यांच्या भावाला दिलं होतं. एका यात्रेत गाडा पहिल्या नंबरात आला, गुलाल उडाला, आणि कुणा फोटोवाल्यानं हा फोटो काढला. मामंजींचा फेटा सुटून खांद्यावर आलाय, एक हात बैलाच्या वशिंडावर आहे, आणि ते तोंडभर हसतायत, पडलेली दाढ दिसेपर्यंत. घरात मामंजी कधी असे हसलेले मी पाहिले नव्हते. घरात ते तोंड फिरवून हसायचे.

"फटाक्याला लई बिचकायचा," ते वायरमनला सांगत होते. "पर वशिंडावर हात ठिवला का थंड. दुसऱ्याचा चालत नव्हता."

फोटो त्यांच्या खाटेसमोर लागला. हार नाही, काही नाही. दोघंही जिते होते, मग हार कसला?

ती वर्षं आठवली की अजून बरं वाटतं. कोणी पाहुणा आला की त्याची नजर फोटोवर जायची, आणि पाहुण्यानं नुसतं "वा!" म्हटलं की मामंजी खाट सोडून पुढे सरकायचे. मग शर्यतीचा कुठला घाट, किती चढ, कोणत्या गावच्या गाड्याला मागे टाकलं, सगळं सुरू. चहावर साय धरायची. एरवी दिवसभरात चार वाक्यं न बोलणारा माणूस! पुढे रंगीत टीव्ही आला, आत्याबाई संध्याकाळी हिंदी मालिका बघू लागल्या, त्यातल्या सासवा-सुनांच्या साड्यांवर आम्ही दोघी टीका करू लागलो. मामंजी टीव्हीकडे पाठ करून फोटोकडे तोंड करून बसायचे. आत्याबाई म्हणायच्या, "त्यांची शिरियल तिकडं चालूय." मला तेव्हा वाटायचं हे असंच चालत राहणार. किती वेडी होते मी.

बैल म्हातारा झाला. शर्यत सुटली, मग जूही सुटलं, तरी त्याचा खुराक मामंजींनी कमी केला नाही. पिठाचे गोळे स्वतः भरवायचे. एका उन्हाळ्यात तो बसला तो उठलाच नाही. गावानं त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गुलाल उधळत, हलगी लावून रानात नेलं आणि बांधाच्या कडेला पुरलं. माणसाचा करतात तसा त्याचा दहावाही घातला. शहरातल्या माणसाला हे ऐकून हसू येतं, मला माहीत आहे. येऊ दे. आमच्याकडे कुणी हसलं नाही.

दहावा झाल्यावर मामंजी हॉलमध्ये आले आणि ह्यांना म्हणाले, "त्यो फोटू काढ अन् दक्षिणंला लाव, माज्या बाच्या शेजारी. अन् हार घाल."

आत्याबाई भाकरी थापत होत्या, त्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"त्यात तुमी बी हायेत की!"

"मंग?"

"मंग काय इचारता? जित्या माणसाच्या फोटूला हार? माजं कुकू जड झालंय का तुमाला?"

"मला न्हाई घालीत, बैलाला घालतोय."

"यमाला काय कळतंय कुणाचा हाय त्यो?"

ह्यांना हसू आलं, मलाही आलं. पण आत्याबाईंकडे बघितलं आणि ते जागच्या जागी विरलं. त्या नाटक करत नव्हत्या. आपण सवाष्ण जायचं, नवऱ्याच्या आधी जायचं, एवढं एकच मागणं त्या बाईनं सगळ्या देवांकडे मागितलं होतं. साड्या, दागिने कधी मागितले नाहीत. हळदीकुंकवाला माझ्या कपाळाला बोट लावतानाही तोंडात तेच. आणि आता त्यांच्याच घरात, त्यांच्याच डोळ्यांसमोर नवऱ्याच्या फोटोला हार चढणार होता. इकडे मामंजींचंही खोटं नव्हतं. त्यांचा बैल गेला होता, आणि घरच्या गेलेल्यांमध्ये त्याला जागा मिळावी एवढीच त्यांची इच्छा. दोघंही बरोबर. अशा वेळी सुनेनं गप्प बसावं, आणि मी बसले, जे मला सहसा जमत नाही.

ह्यांनी तोडगा काढला. नारायणगावला एक फोटोवाला होता, त्याच्याकडे नव्यानं कॉम्प्युटर आला होता. "फोटोतून बाबांना काढून टाकतो, नुसता बैल ठेवतो," असं तो म्हणाला. आत्याबाईंना पटलं. आठवड्यानं फोटो आला. ह्यांनी कागद काढला आणि आम्ही सगळे बघतच राहिलो.

बैल होता. मामंजी नव्हते. पण मामंजींचा हात होता, वशिंडावर, मनगटापासून पुढे, कुणाचाच नसलेला. आणि मागच्या गर्दीच्या जागी फोटोवाल्यानं हौसेनं भलामोठा धबधबा टाकला होता.

मामंजींनी चष्मा लावला. "ह्यो कुणाचा बैल?"

"आपलाच की बाबा."

"आपला कवा गेला व्हता धबधब्यात? पाण्याला पाय लावत नव्हता त्यो." मग त्यांनी त्या हातावर बोट ठेवलं. "अन् ह्ये काय भुताटकी? मला काढायचं व्हतं तर हात तरी कशाला ठिवला? न्हाईतर हात ठिवला तर मला का काढला?"

मी पदरात तोंड खुपसून आत पळाले. हसून हसून पोट दुखलं. पण बाहेर आले तेव्हा मामंजी तो फोटो पालथा करून बसले होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मग मलाच माझी लाज वाटली.

त्यानंतर घरात निराळाच खेळ सुरू झाला. मामंजींनी जुन्नरहून स्वतःच चंदनाचा हार आणला. सकाळी उठून स्टूल न घेता, टाचा उंचावून तो जुन्या फोटोला घालायचे आणि बाहेर पडायचे. ते वेशीपर्यंत गेले की आत्याबाई तो काढायच्या आणि डब्यात टाकायच्या. दुसऱ्या दिवशी मामंजी डबा शोधायचे. आत्याबाई डबा बदलायच्या. हळदीचा, मग डाळीचा, मग शेवयांचा. एकमेकांशी एक अक्षर नाही. "तुज्या बाबांना सांग जेवायला," "तुज्या आईला सांग भूक न्हाई," असला सगळा कारभार माझ्या आणि ह्यांच्या तोंडून. मी तर डाक खात्यात लागल्यासारखी झाले होते.

आणि एक दिवस नेमकं उलटं झालं. कांदे काढणीला आले होते म्हणून आत्याबाई भल्या पहाटेच रानात गेल्या. मामंजींनी नेहमीसारखा हार घातला आणि ते दाढी करायला गेले. हे डेअरीवर. हार फोटोवर तसाच राहिला. मी मागच्या बाजूला धुणं घेऊन बसले होते.

एवढ्यात पुढच्या दारी हंबरडा ऐकू आला. असा की माझ्या हातातला पिळा सुटला.

पळत हॉलमध्ये गेले तर घाटघरच्या आत्या उंबऱ्यात बसून कपाळ बडवत होत्या. ह्या मामंजींच्या मानलेल्या बहीण. नाणेघाटाच्या अंगाला त्यांचं गाव, भाताचं रान. दरवर्षी नवा तांदूळ घेऊन यायच्या आणि इकडचे कांदे घेऊन जायच्या. तांदळाची पिशवी दारातच लवंडली होती, दाणे फरशीभर. बैल गेल्याचं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. दारात पाय टाकला, समोर फोटो बघितला, फोटोत दादा, फोटोला हार. झालं.

"दादा रं! माज्या दादा! बहिणीला सांगावा बी न्हाई धाडला रं!" आणि त्यांनी मला मिठी मारली.

आता माझं शहाणपण ऐका. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मामंजी दाढीला गेलेत, वाटेत काहीतरी झालंय, ह्या एसटीतून उतरल्या तेव्हा बघून आल्यात. त्यांना वाटलं, मला माहीत आहे. मला वाटलं, त्यांना माहीत आहे. आणि आम्ही दोघी गळ्यात गळा घालून मामंजींसाठी धाय मोकलून रडलो. मला बोलता येईना, त्यांना थांबता येईना. शेजारच्या बायका धावल्या. आमच्या दोघींना रडताना बघून त्याही बसल्या आणि सुरू झाल्या. एका म्हातारीनं तर मामंजींचे गुण गायला घेतले: शब्दाचा पक्का, कुणाच्या बांधाला पाय लावला नाही, बैलाला जीव लावला. कुणीतरी आत्याबाईंना आणायला रानाकडे पळालं. मी इतकी खरी रडले त्या दिवशी. वडिलांच्या जागी होते हो ते मला. न बोलणारे, पण मी आजारी असले की माझ्या उशाशी संत्री ठेवून जाणारे.

"काय झालं? कोण गेलं?"

दारात मामंजी. दाढी गुळगुळीत, मिशीला पीळ, खांद्यावर टॉवेल.

घाटघरच्या आत्यांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि "आगं आई गं!" म्हणून मागे सरकल्या. मामंजींनीही फोटोकडे बघितलं, हाराकडे बघितलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. मान खाली गेली.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. अनवाणी. हाताला कांद्याची माती, पदर खांद्यावरून घसरलेला, श्वास लागलेला. घरी रडारड चाललीय, चला, एवढंच त्यांना कळलं होतं. रानापासून घरापर्यंत त्या काय काय मनात घेऊन पळाल्या असतील, ते मला आजही विचारवत नाही. मामंजी उभे दिसल्यावर त्या थांबल्या. सरळ पुढे गेल्या आणि सगळ्या बायकांदेखत त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. दाबून बघितला, पुन्हा दाबला. चारचौघांत आत्याबाईंनी मामंजींना हात लावलेला मी कधी बघितला नव्हता. मातीचे ठसे उठले पांढऱ्या सदऱ्यावर.

"हाय गं," मामंजी हळूच म्हणाले. "हाय म्या."

मग त्या खाली बसल्या आणि रडल्या.

मामंजी आत गेले, फोटोवरचा हार काढला आणि खिशात कोंबला. "न्हाई लागत हार," एवढंच बोलले. बैलासाठी एवढं अडून बसलेला माणूस, पण बायकोचा तो चेहरा बघितला आणि सोडून दिलं.

मी चहा टाकला. बायकांना आता हसू फुटायला लागलं होतं. घाटघरच्या आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "वैनी, ह्या येडीला माफ कर. पर एक सांगू? जित्या माणसासाठी रडलं का त्येचं आयुष्य वाढतंय. आन आमी तर किती रडलो! दादा आता शंभरी गाठतोय बघ."

सगळ्या हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या विचारात पडल्या. आमच्याकडे हे खरंच मानतात, मेल्याची खोटी बातमी उठली की संकट टळतं. कप खाली ठेवून त्यांनी मामंजींपुढे हात केला.

"आणा त्यो हार."

"कशाला?"

"आणा म्हंते ना. त्यांच्या वाटचं रडून झालंय आता सगळं. काय व्हत न्हाई. घाला तुमच्या बैलाला."

त्यांनी हार पदरानं पुसला, स्टुलावर चढल्या, मी त्यांना धरलं, आणि स्वतःच्या हातानं तो फोटोला घातला. दुसऱ्या दिवशी वायरमन आला आणि फोटो दक्षिणेच्या भिंतीवर गेला, मामंजींच्या वडिलांच्या शेजारी. येणारा जाणारा दचकायचा, "हे काय, हे तर बाहेर बसलेत!" म्हणायचा, आणि आत्याबाई त्याला सगळी गोष्ट सांगायच्या. हार काळा पडला की त्याच नवा आणायला लावायच्या. मामंजी त्यानंतर खूप वर्षं जगले. आत्याबाईंना विचाराल तर त्या रडण्यामुळेच.

पण आधी जायचं त्यांचं मागणं काही पुरं झालं नाही. मामंजी गेले ते झोपेतच. घर पाहुण्यांनी भरलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी नवा हार आणला. फोटो जागेवर होताच, हारही होता, नुसता बदलायचा होता. हे स्टुलावर चढले, जुना हार काढला, नवा घालायला हात वर केला.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ रिकामं. त्या दिवसांत त्या कुणाशी बोलत नव्हत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "ह्येला नको."

"आई, इतकी वर्षं होताच की हार."

"तवा बैलाचा व्हता. आता घातला का त्यांचा व्हईल. दुसरा कोंचा बी फोटू काढ. बँकेत दिला व्हता त्यो मोठा करून आण. त्येला घाल हार, त्येची कर पूजा. ह्येला हात लावायचा न्हाई कुणी."

हे हार घेऊन तसेच स्टुलावर उभे राहिले. मी त्यांच्या हातातून तो घेतला. मला हुंदका आवरेना, आणि ह्यांनाही. आत्याबाई मात्र आम्हा दोघांकडे बघतच नव्हत्या. मोकळ्या झालेल्या त्या फोटोकडे मान वर करून बघत त्या मला म्हणाल्या, "रडती काय अशी? बघ की, कसं हासत्यात."